गर्वाचे ओझे

नागपूरहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णा सोडून तिगावच्या स्थानकाशी येते, तेव्हा सपाट मुलूख मागे पडू लागतो आणि सातपुड्याचा चढ समोर उभा राहतो. ह्या भागात कापूस आहे, ज्वारी आहे, तूर आहे आणि संत्र्यांच्या बागा आहेत. राज्य मध्य प्रदेशचे, कारभाराची भाषा हिंदी. परंतु पांढुर्णा आणि सौंसर ह्या तालुक्यांत घरातली, शेतातली आणि भजनातली भाषा मराठीच. २०२३ साली ह्या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. त्यापूर्वी हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता, आणि इंग्रजी अमलात छिंदवाडा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत असे.

ह्याच मध्य प्रांतावर १८९६ च्या अखेरीस मोठा दुष्काळ कोसळला. तिगावच्या घाटातून तेव्हा रेल्वे धावत नव्हती. नागपूर-इटारसी हा मार्ग पुढे विसाव्या शतकात पुरा झाला. पाऊस हुकला, धान्याचे भाव चढले आणि खेड्यापाड्यांतील माणसे गाव सोडून रस्त्याला लागली. सरकारने कामे काढली, अन्नगृहे उघडली. तरीही माणसे मेली. जी जगली त्यांतील निराधार मुलींवर आणि तरुण विधवांवर दुसरेच संकट ओढवले. भुकेलेल्या मुलीला भाकरीचा तुकडा दाखवून पळवून नेणारी माणसे अशा वेळी कोठून तरी येतातच.

त्या दिवसांत एक मराठी बाई पुण्याहून ह्या प्रांतात आली. तिला कोणी सभेसाठी बोलावले नव्हते. उघड्यावर पडलेल्या मुली गोळा कराव्यात, त्यांना खाऊ घालावे आणि आपल्याबरोबर घेऊन जावे एवढ्यासाठीच ती आली होती. तीनशे मुलींना वाचवावयाचे असा तिने मनाशी संकल्प केला होता. जवळ पैसा बेताचाच होता. मुली अंगावर चिंध्या, डोक्यात उवा आणि पोटात दुखणी घेऊन येत. कित्येकींना दुष्काळाने वाईट सवयी लावल्या होत्या. मिळालेले अन्न त्या लपवून ठेवीत, एकमेकींचे हिसकावून घेत. त्यांना आंघोळ घालणे, जखमा धुणे आणि हळूहळू पचेल असे खाऊ घालणे हे काम ह्या बाईने पत्करले. तिचे नाव पंडिता रमाबाई.

हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. परंतु रमाबाईंनी त्या मुली कशा जमविल्या ह्यापेक्षा त्यांच्यापर्यंत त्या कशा पोहोचल्या, हा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. पुण्याहून मध्य प्रांतापर्यंतचा प्रवास दोन दिवसांचा असेल. विद्वत्तेच्या आणि कुलीनतेच्या उंच आसनावरून त्या मुलींच्या पातळीवर येण्याचा प्रवास मात्र बावीस वर्षे चालला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे संस्कृत पंडित. स्त्रीला संस्कृत शिकवू नये असे मानणाऱ्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. मुलीला आईने शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत दक्षिणेत फिरत राहिले. पुराण सांगून जी दक्षिणा मिळे तीवर चरितार्थ चाले, आणि हाती आलेले द्रव्य दानधर्मात संपे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणारे व दक्षिणा देणारे हात आटले. दागिने गेले, चांगली वस्त्रे गेली, भांडी गेली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात पाला, पाणी आणि रानफळे ह्यांवर दिवस काढण्याची पाळी आली. ह्या हकिकतीत रमाबाईंनी स्वतः एक गोष्ट कबूल केली आहे, आणि ती वाचणाऱ्याच्या मनात घर करून राहते. भोवताली काम अगदीच नव्हते असे नाही. मोलमजुरी करून दोन मुठी धान्य मिळविता आले असते. परंतु जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला. हलके काम करावयाचे कसे? मजुराच्या रांगेत उभे राहावयाचे कसे? हातांना कामाची सवय नव्हती आणि मनाला ते शिकण्याची इच्छा नव्हती. वृद्ध पित्याने अखेर जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास ह्याने, आपण आता सारा अभिमान बाजूस ठेवतो आणि मिळेल ते काम करून आईवडिलांना पोसतो, असे म्हटले. बापाला त्या शब्दांनी आनंद झाला. परंतु तोपर्यंत फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

गर्वाविषयी पुष्कळ उपदेश केला जातो. गर्वाने घर खाली होते, गर्वाने माणूस एकटा पडतो, अशी वचने सर्वांना पाठ असतात. परंतु गर्व माणसाला उपाशी मारतो, आणि जो जोपासतो त्यालाच नव्हे तर त्याच्या प्रियजनांनाही मारतो, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही. त्यातही लक्षात घेण्याजोगे हे की ही माणसे दुष्ट नव्हती. ती श्रद्धाळू होती, दानशूर होती, विद्वान होती. गर्व दुर्जनाच्या घरी दारावर नौबत वाजवून येतो. सज्जनाच्या घरी तो कुलाचाराचे सोवळे नेसून येतो आणि म्हणूनच ओळखू येत नाही.

ह्यानंतर भावाबहिणींनी पायी चार हजार मैलांवर प्रवास केला. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मराठी मुलगी संस्कृत अस्खलित बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. चार वर्षांपूर्वी रानात पाला खाणाऱ्या मुलीच्या नावाची चर्चा सभांमधून होऊ लागली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ च्या प्रारंभी त्या विधवा झाल्या. पदरी मनोरमा ही लहान मुलगी. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने इंग्लंडला गेल्या.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. तेथून त्यांना काही दिवस लंडनजवळच्या फुलम येथे, त्याच मठाच्या एका आश्रमात पाठविण्यात आले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांचा तो आश्रम होता. रमाबाईंनी तेथे पाहिले की चांगल्या घरच्या, शिकलेल्या स्त्रिया ह्या टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत आहेत, त्यांच्याशी मायेने बोलत आहेत, आणि आपण काही उपकार करतो आहोत असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर नाही. असे काही त्यांनी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. हे लोक असे का करतात, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली: येशू विहिरीपाशी बसतो आणि जिच्या हातचे पाणी त्याच्या जातभाईंना चालत नाही अशा स्त्रीपाशी स्वतः पाणी मागतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला आणि त्यातील कटुता बराच काळ टिकली. तो वाद येथे उकरण्याचे प्रयोजन नाही. येथे पाहावयाचे ते एवढेच, की तर्काच्या लढाईत हार न जाणाऱ्या ह्या पंडितेचे मन एका विहिरीवरच्या गोष्टीने आणि एका आश्रमातील शुश्रूषेने हलविले. ग्रंथांत जे सापडले नव्हते ते तिला सेवेच्या कामात दिसले.

नम्रता म्हणजे मान तुकवणे असा एक मोठा गैरसमज आहे, आणि रमाबाईंचे पुढील चरित्र तो दूर करते. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चच्या काही सिद्धांतांविषयी त्यांनी वाँटेजच्या मंडळींशी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही ह्याविषयी बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती हरकत त्यांना पटली नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. त्यांच्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डीन ह्यांना, ह्यात गर्व दिसला. तसे त्यांनी बोलूनही दाखविले.

हा गर्व होता काय? प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अधिकारावर असलेला मनुष्य खालच्याला गर्विष्ठ म्हणतो ही जगाची जुनी रीत आहे. गावच्या पाटलापुढे मजूर ताठ उभा राहिला की तो माजला. सासूपुढे सून बोलली की ती चढेल. धर्मगुरूला साधकाने प्रश्न विचारला की तो अहंकारी. म्हणून गर्वाची परीक्षा वरच्या अंगाने करून चालत नाही. वरिष्ठापुढे कोण किती वाकतो ह्यावरून काहीच कळत नाही. कारण लाचारही वाकतो आणि कपटीही वाकतो. परीक्षा करावयाची ती खालच्या अंगाने. ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही, ज्याच्या स्पर्शाने आपली प्रतिष्ठा मळेल अशी भीती वाटते, त्याच्यापर्यंत हात पोहोचतो की नाही, एवढेच पाहावे. बिशपांपुढे न वाकणाऱ्या रमाबाई दुष्काळातल्या पोरींपुढे गुडघे टेकून त्यांचे पाय धूत होत्या. त्यांच्या नम्रतेला ह्याहून निराळा दाखला लागत नाही.

ख्रिस्ती धर्मातील नम्रतेची मूळ कल्पनाही हीच आहे. मरणाच्या आदल्या रात्री येशू भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या देशात धुळीने भरलेले पाय धुणे हे घरातील सर्वांत खालच्या चाकराचे काम. पेत्राला ते सहन होईना. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला अयोग्य वाटले. वरवर पाहता ही नम्रता; परंतु तिच्या मुळाशी ‘मोठ्याने मोठ्यासारखेच राहावे’ हा जगाचा हिशेब होता. येशूने तो हिशेब मोडला. आपण गुरू आहोत हे त्याने नाकारले नाही. गुरूचे काम हेच, असे त्याने दाखविले. नम्रतेसाठी आपली योग्यता लपवावी लागत नाही. ती योग्यता कोणाच्या कामी लावावयाची, हे तेवढे ठरवावे लागते.

रमाबाईंनी ते ठरविले. १८८९ च्या ११ मार्चला त्यांनी मुंबईस शारदा सदन सुरू केले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्यांचे साहाय्य त्यांना लाभले. पुढे मुलींच्या धर्मविषयक ओढ्यावरून मतभेद झाला आणि १८९३ साली ही मंडळी दूर झाली. ह्याच शारदा सदनात गोदूबाई ही बालविधवा शिकली आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांची सहधर्मिणी झाली. हिंगण्याचा आश्रम आणि त्यातून उभे राहिलेले महिला विद्यापीठ ह्यांच्या इतिहासाचा एक धागा असा शारदा सदनापर्यंत जातो. मतभेद झाले तरी चांगले बी कोणाच्याही शेतात उगवते.

ह्या काळाविषयी रमाबाईंनी आणखी एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. बुद्धीने सारे पटले होते, ग्रंथ वाचून झाले होते, वादात जिंकणेही जमत होते. परंतु अंतःकरण रिकामेच होते. जगाने जिला सरस्वती म्हटले तिने असे लिहून ठेवावे ह्यासाठी धैर्य लागते. विद्येचा गर्व जातीच्या गर्वापेक्षा सूक्ष्म असतो. जात टाकता येते. परंतु ‘मला कळले आहे’ ही भावना टाकणे फार अवघड.

ही कबुली आणि १८९६ चा दुष्काळ ह्यांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर आहे. मध्य प्रांतातील हाडांचे सापळे पाहून रमाबाईंना आपले तिरुपतीचे रान आठवले. त्यांनी आणलेल्या मुली पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे ठेवता येईनात, तेव्हा केडगावजवळ घेतलेल्या माळरानावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि तेथेच मुक्ति सदन वाढले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील मुलींची आणि स्त्रियांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

ह्या वसाहतीची रचना पाहण्यासारखी होती. विहिरी खणल्या, शेती केली, गाई राखल्या. विणकाम, शिवणकाम, तेलाची घाणी, छापखाना अशी नाना कामे मुलींना शिकविली. अक्षरओळख सर्वांना, आणि हाताचे काम सर्वांना. आंधळ्यांसाठी निराळी सोय होती आणि मनोरमाबाई त्यांना स्पर्शलिपी शिकवीत. समाजाने पतित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. फुलम येथे जे पाहिले होते ते केडगावच्या माळावर उतरले. तिरुपतीच्या रानात एका विद्वान कुटुंबाला हाताचे काम येत नव्हते आणि ते करण्याची लाज वाटत होती. केडगावला एकही मुलगी हाताच्या कामावाचून मोठी झाली नाही. आईबापांच्या मृत्यूने शिकविलेला धडा रमाबाईंनी असा शेकडो मुलींच्या हाती ठेवला.

सर्वांनाच एवढी संस्था उभारता येत नाही, आणि उभारण्याची आवश्यकताही नाही. गर्व सोडण्याचे काम एका घराच्या स्वयंपाकघरातही होऊ शकते. लक्ष्मीबाई टिळक हे त्याचे उदाहरण. कवी नारायण वामन टिळक काही वर्षे नागपूरला होते, त्यामुळे तिगावच्या ह्या बाजूला ते नाव परकें नाही. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचे माहेर अतिशय सोवळ्याचे. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात यावयाची नाही असा त्यांच्या वडिलांचा शिरस्ता. नवऱ्याजवळ परत आल्यावरही त्या आपला निराळा स्वयंपाक आणि निराळे पाणी सांभाळून राहत. पुढे एका रात्री त्यांनी स्वतःशीच विचार मांडला: ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसाच्या देहावर तिची काही खूण दिसावयास हवी होती. विचाराचा निकाल लागला आणि त्यांनी सर्वांच्या हातचे पाणी घेण्यास प्रारंभ केला. त्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. दुष्काळातील अनाथ पोरे त्यांच्या घरात वावरू लागली. आपल्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या सोवळ्याची जी थट्टा केली आहे ती वाचताना ध्यानात येते, की ज्याला स्वतःवर हसता येते त्याचा निम्मा गर्व उतरलेला असतो.

ही शिकवण एका धर्माच्या मालकीची नाही, हे पांढुर्ण्याच्या दक्षिणेला असलेल्या अमरावती जिल्ह्याने फार चांगले जाणले आहे. शेंडगावला जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. संध्याकाळी ज्या चौकात कीर्तन व्हावयाचे तो चौक दिवसा ते स्वतः झाडून काढीत. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या, परंतु कोणाला आपल्या पाया पडू दिले नाही. १९५६ च्या २० डिसेंबरला ते गेले. त्यांना बायबल वाचून दाखवावे लागले नाही आणि रमाबाईंना त्यांचे कीर्तन ऐकण्याचा योग आला नाही. तरीही दुष्काळातल्या मुलीचे डोके धुणारा हात आणि गावचा चौक झाडणारा हात एकमेकांना परके नाहीत.

येथे सेवेच्या वाटेवरील सर्वांत अवघड वळण येते. जातीचा गर्व गेला, विद्येचा गेला, धनाचा गेला. तरी एक गर्व शिल्लक राहतो आणि तो सेवेचाच गर्व असतो. लूकच्या शुभवर्तमानात दोन माणसे प्रार्थनेला मंदिरात जातात. एक परूशी, दुसरा जकातदार. परूशी उपवास करतो, दान देतो, आणि ते सारे देवाला ऐकवितो. वर जकातदाराकडे बोट दाखवून, आपण असे नाही म्हणून आभारही मानतो. जकातदार दूर उभा राहून केवळ दयेची याचना करतो. घरी परतताना देवाशी कोणाचे नाते जुळलेले असते, हे कथा ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. परूशी खोटे बोलत नव्हता. तो उपवास खरोखरच करीत होता आणि दान खरोखरच देत होता. त्याचे चुकले एवढेच, की त्याने आपल्या पुण्याचा पाट केला आणि त्यावर तो स्वतःच बसला.

छिंदवाडा हे मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीचे मुख्य ठाणे आहे; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या स्वीडिश मिशनच्या कामातून ती मंडळी उभी राहिली. शाळा, दवाखाने, अनाथांची वसतिगृहे ही अशा मंडळींची परंपरा. परंतु ख्रिस्ती संस्था असो वा गावचे भजनी मंडळ, सहकारी सोसायटी असो वा आरोग्य केंद्र, धोका सर्वत्र सारखाच. सेवेला बसल्या जागी खुर्ची मिळते, खुर्चीला नाव चिकटते, नावाची पाटी होते आणि पुढे पाटीसाठी सेवा चालू राहते. औषध वाटणारा मनुष्य ‘माझे रोगी’ म्हणू लागतो, शिकविणारा ‘माझी मुले’ म्हणू लागतो. त्या ‘माझे’ मध्ये माया किती आणि मालकी किती हे त्याचे त्यालाच रोज तपासावे लागते. दुसऱ्याला ते बाहेरून कळत नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या कामात ह्या धोक्यावरचा उपाय सापडतो. आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. संस्कृतप्रचुर प्रौढ मराठी लिहिणे त्यांच्यासारखीला किती सोपे होते! परंतु त्यांच्यासमोर पंडित नव्हते. त्यांच्यासमोर केडगावच्या त्या मुली आणि खेड्यातील बायका होत्या. नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रीला कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे म्हणून त्यांनी मुद्दाम साधी भाषा घेतली. त्या भाषांतराच्या शैलीवर विद्वानांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते सर्वच चुकीचे आहेत असेही नाही. परंतु ज्या विद्वत्तेने कलकत्त्याच्या पंडितांची मान डोलविली तिने अखेर नवशिकी वाचकीण आपली परीक्षक म्हणून निवडली. त्या पुस्तकाची अक्षरे मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच जुळविली. १९१९ साली सरकारने रमाबाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्या दुःखातही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या, आणि शेवटची मुद्रिते हातावेगळी झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी देह ठेवला असे सांगितले जाते. तो दिवस १९२२ च्या ५ एप्रिलचा. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागून, १९२४ साली प्रसिद्ध झाला.

सेवेचा गर्व टाळण्याचा उपाय तो हा. आपल्या कामाचा न्याय कोणी करावयाचा हे ठरविताना, आपली स्तुती करणाऱ्याला तेथे बसवू नये. ज्याच्यासाठी काम केले त्याला तेथे बसवावे. शाळेचा न्याय शेवटच्या बाकावरील मुलाने करावा, दवाखान्याचा न्याय रांगेत सर्वांत मागे उभ्या असलेल्या बाईने करावा, आणि प्रार्थनामंदिराचा न्याय दाराबाहेर चपलांपाशी बसलेल्या माणसाने करावा.

तिगावच्या परिसरात संत्र्यांचा हंगाम आला की बागांतून माणसांची लगबग सुरू होते. तोडणीसाठी, भरणीसाठी, वाहतुकीसाठी मजूर येतात. कित्येक सातपुड्याच्या आतल्या पाड्यांतून येतात. बागेचा मालक त्यांना मजुरी देतो आणि हिशेब चोख ठेवतो. त्यात काही वावगे नाही. परंतु दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलेल्या बाईचे नाव त्याला ठाऊक आहे काय? तिच्या पायात काटा मोडला तर तो काढण्यासाठी तो खाली बसेल काय? प्यावयाचे पाणी तिला वरून ओतले जाते की तांब्या तिच्या हाती दिला जातो? हे प्रश्न लहान आहेत. दुष्काळ दर वर्षी पडत नाही, आणि पदव्या देणाऱ्या सभाही प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. तांब्या हातात देण्याचा प्रसंग मात्र रोज येतो.

तिरुपतीच्या रानात श्रीनिवासशास्त्र्याने गर्व खाली ठेवला तो आईबाप मरणाच्या दारी पोहोचल्यावर. त्याच्या बहिणीने तो वेळेवर खाली ठेवला, आणि मध्य प्रांतातील कित्येक मुली जगल्या. ओझे तेच होते. ते केव्हा उतरविले एवढाच काय तो फरक.